कडेची अक्षरं

गेल्या मे महिन्यात आमच्या कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेला रंग दिला. रंगाऱ्याने मला हाक मारून विचारलं, "बाई, हे खिळे काढू का? अठ्ठेचाळीस मोजले. एवढे फोटो कुणाचे लावले होते?" मी म्हटलं, काढा. त्याने खिळे उपटले, लांबी भरली, भिंत गुळगुळीत झाली. मला त्याचं काही वाटलं नाही. पण नवीन आलेल्या मॅडमनी चहाच्या वेळी विचारलं की खिळे कसले होते, आणि सांगता सांगता त्यांचा चहा पार निवला. तेव्हा ठरवलं की एकदा लिहूनच टाकावं.

खिळे गांगुर्डे सरांचे.

सर एकोणऐंशी साली आमच्याकडे व्याख्याता म्हणून आले. मी तिथे प्रयोगशाळा सहायक होते. उंच माणूस, खांदे जरा पुढे आलेले, शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली. मूळचे सिन्नरचे, वडील एसटीत ड्रायव्हर. आल्या आल्या ते कॉलेजजवळ भाड्याची खोली शोधत होते. घरमालक नाव विचारायचे, गाव विचारायचे, मग गावात घर कुठल्या अंगाला ते विचारायचे, आणि एवढं विचारून झालं की खोली नुकतीच कुणाला तरी दिलेली निघायची. चार खोल्या अशा 'नुकत्याच' गेल्या. मग ते नाशिक रोडला आपल्या माणसांच्या कॉलनीत राहायला गेले आणि रोज बसने यायला लागले. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही स्पिरिटचे दिवे भरता भरता.

त्यांची एक सवय पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आली. कुठलाही कागद ते कडेपासून वाचत. पत्र आलं की आधी तिकीट, मग टपालाचा शिक्का, मग पाठवणाऱ्याचा पत्ता, मग पाकीट उलटं करून त्याची मागची बाजू. पत्र सगळ्यात शेवटी. मुलं भांडण घेऊन आली तरी तेच.

"सर, यानं माझी स्लाइड फोडली."

"त्याच्या आधी काय झालं?"

"काहीच नाही, सर."

"काहीच नाही असं कधी नसतं. आधीचं सांग, नंतरचं सांग. मधलं मला दिसतंय, समोर काचा पडल्यात."

मुलं वैतागत. मीही वैतागे, कारण काचा मला गोळा कराव्या लागत.

पीएचडीसाठी त्यांनी विषय घेतला होता तोही असाच कडेचा. मला तो त्यांनी ज्या भाषेत समजावला त्याच भाषेत सांगते. सजीवाची सगळी कृती डीएनएत लिहिलेली असते, चार अक्षरांत: ए, टी, जी, सी. प्रत्येक जनुकाच्या आधी एक जागा असते, तिला प्रमोटर म्हणतात. एक प्रथिन येऊन त्या जागेवर बसतं आणि तिथून पुढे जनुकाची नक्कल सुरू करतं. ते बसलंच नाही तर जनुक असून नसल्यासारखं. आता प्रथिनाला जागा कळते कशी? पुस्तकात उत्तर होतं की तिथे सहा-सहा अक्षरांचे दोन ठरलेले गट असतात, ते ओळखून. सरांचं म्हणणं असं की हे गट अगदी सारखे असले तरी एका ठिकाणी प्रथिन पटकन बसतं आणि दुसऱ्या ठिकाणी रेंगाळतं. म्हणजे फरक आजूबाजूच्या अक्षरांत असला पाहिजे.

मी म्हटलं, "पण गट तर तेच ना? पाटी तीच, तर थांबा तोच."

"बाई, तुम्ही एसटीने जाता का कधी?"

"जाते की."

"पाटी बघून गाडी थांबते असं तुम्हाला वाटतं. आमचे दादा, म्हणजे वडील, म्हणायचे, पाटी पॅसेंजरसाठी असते. ड्रायव्हर बघतो पाटीच्या आधी उतार आहे का, पुढे वळण आहे का, कडेला गाडी घ्यायला जागा आहे का. चढावर पाटी लावली तर लय जोरात हात करा, गाडी पन्नास पावलं पुढे जाऊनच थांबणार."

डीएनएही काही अक्षरांजवळ सहज वाकतो, काही अक्षरांजवळ ताठ राहतो, आणि प्रथिनाला बसायला वाकणं लागतं. असा त्यांचा अंदाज होता.

मी एकदा म्हटलं, "म्हणजे सर, तुमच्या खोलीसारखंच. नाव तेच, पण शेजार बघून ठरवतात."

ते पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "जिवाणूला जात नसते, बाई. त्याच्या गळ्यात ती बांधू नका." मी परत तसं काही बोलले नाही.

कामाची पद्धत त्यांची त्यांनीच बसवली होती. महिन्यातून दोन शनिवार ते पहाटेच्या गाडीने मुंबईला जात, तिथल्या एका मोठ्या ग्रंथालयात नियतकालिकं काढून त्यांत छापलेली प्रमोटरची अक्षरं पेन्सिलीने उतरवून आणत. सोमवारी ती ग्राफच्या कागदाच्या पट्ट्यांवर चढायची. एका अक्षराला अर्धा सेंटिमीटर, कागदाच्या लांबीत साठ अक्षरं. मी वाचायची, ते लिहायचे. मग ते पट्टी शेवटून सुरुवातीकडे वाचायचे आणि मी ताडून बघायची. सुलट वाचताना डोळा सवयीने पुढे पळतो, उलट वाचताना प्रत्येक अक्षराशी थांबावं लागतं, म्हणून. पट्टी बरोबर निघाली की दोन खिळ्यांवर ताणून बसवायची. अशा चोवीस पट्ट्या, एकाखाली एक, त्यांतले सारखे गट एका रेषेत.

रसायनशास्त्राचे एक सर दारातून डोकावून म्हणत, "काय गांगुर्डे, तारऑफिस उघडलंय का? आमची पण एक तार घ्या, सासूबाईंना कळवा की येऊ नका."

सर म्हणत, "घेतो. पण उत्तर आलं तर आम्ही बांधील नाही."

हसण्यावारी दिवस जात होते, पण मुदत जात होती. नेमणुकीच्या वेळीच अट घातलेली होती: ठरलेल्या वर्षांत पीएचडी, नाहीतर जागा जाणार. पुण्याचे प्रधान सर त्यांचे मार्गदर्शक. पंच्याऐंशीच्या दिवाळीपर्यंत प्रगतीचा अहवाल त्यांच्याकडे पोचायला हवा होता, तरच मार्चनंतर मुदत वाढणार होती. अहवाल सरांनी लिहिला, आणि नेमकी त्यांची परीक्षेच्या कामासाठी सुरगाण्याला रवानगी झाली. जाताना म्हणाले, "बाई, टाइप करून घ्या आणि रजिस्टरने टाका. तक्ता नीट बघा."

मी तक्ता नीटच बघितला. टायपिंगवाल्या बाईंनी सांगितलं की साठ अक्षरांची ओळ कागदावर मावत नाही, दोन ओळी कराव्या लागतील, मग खालचं वरच्याशी जुळणार नाही. मी विचार केला, महत्त्वाचे ते दोन गट. ते मधल्या तीस अक्षरांत येतात. दोन्ही बाजूंची पंधरा-पंधरा काढली की ओळ सुबक मावते. चोवीस ओळी मी स्वतः लाल पेन्सिलीने कापून दिल्या. तक्ता इतका देखणा झाला की मी तो टायपिंगवाल्या बाईंना परत परत दाखवला. रजिस्टर केलं, पावती फाइलला लावली.

पुण्याहून तीन आठवड्यांनी पत्र आलं. सरांनी नेहमीसारखं तिकीट बघितलं, शिक्का बघितला, पाकीट उलटं केलं. मग वाचलं आणि माझ्यासमोर ठेवलं. प्रधान सरांनी लिहिलं होतं की अहवाल कडांबद्दल बोलतो आणि तक्त्यात कडाच नाहीत. विधानांना आधार नाही. नोंदणी पुढे चालू ठेवण्याची शिफारस करता येणार नाही.

मी कार्बनप्रत काढली आणि काय केलं ते सांगितलं. मला गोलगोल सांगता येत नाही. सरांनी प्रतीवर पट्टी ठेवून मोजलं.

"सगळ्या ओळींची सारखीच कापलीत?"

"हो. पंधरा इकडची, पंधरा तिकडची."

"निदान टापटीप तरी आहे," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "सगळं जग हेच कापतंय, बाई. तुम्ही पहिल्या नाही." ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्या आठवड्यात त्यांनी पूर्ण तक्ता हाताने लिहून पाठवला. उलट टपाली उत्तर आलं: आता कडा आल्या, मग आधी का नव्हत्या? समितीला ही मागाहून केलेली जुळवाजुळव वाटते. कागदावरची मोजणी पुरे, नळीत दाखवा. प्रधान सर फेब्रुवारीत दुसऱ्या कामासाठी नाशिकला येणार होते. त्या दिवशी एक तास ते आमच्याकडे देणार होते.

नळीत दाखवायचं म्हणजे काय, तर मुंबईतल्या एका संस्थेत सरांचा एक मित्र होता. त्याच्याकडे आतड्यातल्या जिवाणूचे तीन निरुपद्रवी वाण तयार होते. तिघांत एकच जनुक घातलेलं, असं की ते चालू झालं की ठरावीक पावडरीचा द्राव पिवळा होतो. तिघांत प्रमोटरचे दोन्ही गट तेच. कडा मात्र वेगळ्या. जितकं प्रथिन पटापट बसेल तितका पिवळा रंग लवकर. मित्राने क, ख, ग अशा खुणा केलेले ते वाण आणि प्रत्येकाची साठ अक्षरं पाठवली. सरांनीच साठ मागितली होती, पट्टीत तेवढीच बसत. पावडर मिळाली ती चिमूटभर. एका वेळेपुरती.

खालच्या तीन जुन्या पट्ट्या उतरवून त्यांच्याच खिळ्यांवर या तीन लावल्या, आणि सर चार दिवस त्यांच्यासमोर उभे होते. मग एका चिठ्ठीवर क्रम लिहिला: क सगळ्यात आधी, मग ख, शेवटी ग. चिठ्ठी पाकिटात घालून चिकटवली. प्रधान सर आले की आधी पाकीट त्यांच्या हातात द्यायचं.

तो गुरुवार होता. सकाळी गारठा इतका की नळ्या हाताला चटके दिल्यासारख्या लागत होत्या. प्रधान सर साडेदहाला आले. गोरे, बारीक, मफलर गुंडाळलेले, बोलणं मृदू. ते वाईट नव्हते. वाईट असते तर पुढचं सोपं गेलं असतं. त्यांनी पाकीट कोटाच्या खिशात ठेवलं, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "सुरू करा."

तेवढ्यात वीज गेली.

पाण्याचं भांडं विजेवर तापत होतं, त्यातच नळ्या उभ्या करायच्या होत्या, आणि तापमान अठ्ठावीसवरून हललं तर सगळा हिशेब खोटा. रंग मोजायचं यंत्रही बंद. प्रधान सरांनी घड्याळ बघितलं. "मला पावणेबाराला निघायचंय, गांगुर्डे."

सर माझ्याकडे बघत होते. मी शिपाई रामभाऊंना म्हटलं, "स्टोव्ह पेटवा. एका पातेल्यात गरम, बादलीत गार. मी थर्मामीटर धरते, सांगेन तसं घाला." रामभाऊ निवृत्तीला टेकलेले, पण हात एकदम स्थिर. यंत्राऐवजी नळ्यांच्या मागे पांढरा कागद धरून डोळ्यांनी बघायचं ठरलं.

सरांनी तिन्ही वाणांच्या नळ्यांत पावडरीचा द्राव घातला, दहा-दहा सेकंदांनी. मी स्टॉपवॉच दाबलं.

"सत्तावीस," मी म्हटलं. "गरम, अर्धी वाटी."

"घातलं."

"अठ्ठावीस. बस."

"बाई, पानी पुन्हा गार व्हायलंय, गारठा लय हाय."

"मी बघतेय. बोलू नका."

एक मिनिट. दोन. तीनही नळ्या पाण्यासारख्या. सरांचा श्वास मला ऐकू येत होता. चार मिनिटांना क पिवळी पडायला लागली, आणि बघता बघता हळदीच्या पाण्यासारखी झाली. पाच. सहा. आता ख ची पाळी. ख तशीच. सातव्या मिनिटाला ग ला पिवळसर झाक आली.

मी नळ्यांवरची अक्षरं पुन्हा वाचली. ग च होती. दहाव्या मिनिटाला ग चांगली पिवळी. ख पंधरा मिनिटं झाली तरी नुसती फिकट.

प्रधान सरांनी पाकीट फोडलं, चिठ्ठी वाचली, नळ्यांकडे बघितलं.

"क पहिली. बरोबर," ते म्हणाले. "ख चं कल्चर बिघडलेलं दिसतंय. प्रवासात होतं असं. गांगुर्डे, क आणि ग लिहा. क आधी, ग नंतर, तुमच्या चिठ्ठीप्रमाणेच. दोघांवर मी सही करतो. मुदतवाढीला तेवढं पुरेल."

हे त्यांनी खरंच भल्यासाठी सांगितलं. मला तर वाटलं, सुटलो. मी वही उघडून पुढे केली.

सरांनी वही घेतली नाही. ते भिंतीपाशी गेले आणि ख ची पट्टी काढून आणली. डाव्या टोकावर बोट ठेवून उभे राहिले, जिथे कागद संपत होता तिथे.

"कल्चर बिघडलेलं नाही, सर. काल मी तिन्ही तपासलीत. चांगली वाढलेली आहेत."

"मग तुमचा अंदाज चुकला."

"अंदाज चुकला, कारण मी साठावर थांबलो. साठच का? कागद तिथे संपतो म्हणून. डीएनए तिथे संपत नाही. याच्या पलीकडे काय आहे ते मी मागवलंच नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही पंधरा कापलीत, बाई. मी बाकीची सगळी."

प्रधान सरांनी पट्टी हातात घेऊन बघितली. "हे कदाचित बरोबरही असेल. पण आज तुमच्याकडे त्याचा पुरावा नाही. तीन नळ्या लिहिल्यात तर मला 'अंदाज सिद्ध झाला नाही' एवढंच लिहिता येईल. त्यावर समिती काय करेल ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"नोकरीचा प्रश्न आहे, गांगुर्डे."

"हो, सर."

"घरी कोण कोण आहे?"

"सगळे आहेत." आणि त्यांनी खिशातली पेन्सिल काढून वहीत तीन ओळी लिहिल्या. क, चार मिनिटं. ग, सात मिनिटं. ख, पंधरा मिनिटांनंतरही फिकट. प्रधान सरांनी त्याखाली पेनाने सही केली, मफलर सारखा केला आणि निघताना सरांच्या खांद्यावर हात ठेवला. रामभाऊ स्टोव्ह विझवत पुटपुटले, "एक नळी फुटली म्हटलं असतं तर कोण बघाया येणार व्हतं?" ती नळी मीच धुवायला नेली आणि खरं सांगते, माझ्या मनात तेच होतं.

एप्रिलमध्ये नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आलं. जूनमध्ये सरांच्या जागेवर दुसरे आले. त्यांनी पट्ट्या काढून मला दिल्या, खिळे तेवढे राहिले. सर अंबडला औषधांच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागले. पाण्यात जिवाणू किती, हवेत किती, ते मोजायचं, आकडा लिहायचा. तीन पाळ्यांची नोकरी.

वर्षभराने कॉलेजच्या पत्त्यावर त्यांच्या नावाचं जाड पाकीट आलं, मुंबईच्या मित्राचं. सरांनी कॉलेजातली जागा जायच्या आधीच त्याला लिहून तिन्ही वाणांची साठाच्या पुढची अक्षरं मागितली होती. ती काढायला त्याला एवढा वेळ लागला. मी पाकीट फोडलं नाही. दुपारी अर्धी रजा टाकून अंबडची बस धरली.

गेटवर निरोप दिला. दहा मिनिटांच्या चहाच्या सुट्टीत सर बाहेर आले, डोक्याला पांढरी टोपी, अंगात पांढरा कोट, खिसे शिवून टाकलेले. कारखान्याचा नियम, आत काही न्यायचं नाही, आतून काही आणायचं नाही.

"काय बाई, वाट चुकलात?"

मी पाकीट दिलं. या वेळी त्यांनी तिकीट बघितलं नाही. सरळ फाडलं आणि वॉचमनच्या सायकलच्या कॅरिअरवर कागद पसरले. एका हाताने वारा अडवला, दुसऱ्या हाताचं बोट अक्षरांवरून मागे मागे न्यायला लागले. ख वर बोट थांबलं. मग ग वर. परत ख वर.

"बघा," ते म्हणाले, आणि आवाज जरा वर गेला. "ग च्या मागे, साठाच्या पलीकडे, ए आणि टी, नुसते ए आणि टी. वाकणारच. आणि ख च्या मागे बघा. जी, सी, जी, जी, सी. ताठ. बसणार कसं?"

"म्हणजे तुमचं बरोबर होतं."

"त्या दिवशी चूकच होतं. आज बरोबर आहे. वहीत त्याच पानावर खाली लिहून ठेवा, आजची तारीख घालून." मी दुसऱ्या दिवशी लिहिलं.

भोंगा झाला. वॉचमन म्हणाला, "गांगुर्डेसाहेब, कागद आत नाय जाणार."

"माझ्याकडे द्या," मी म्हटलं, "संध्याकाळी नाशिक रोडला घरी टाकते."

"टाका. पण तोवर पाठ तर करू द्या." त्यांनी ग ची ओळ एकदा सुलट वाचली, एकदा उलट, आणि कागद घडी करून माझ्या हातात दिला. तो मी संध्याकाळी त्यांच्या घरी पोचवला. पुढच्या महिन्यात कंपनीने त्यांना गुजरातेत पाठवलं, घरही तिकडेच हललं, त्यामुळे मी त्यांना शेवटचं बघितलं ते तिथेच.

गेटच्या आत झडतीची रांग होती. सर रांगेत उभे राहिले, हात बाजूला पसरलेले, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मागचा कामगार त्यांना ढोसून म्हणाला, "काय गांगुर्डे, जप चाललाय का?"

डोळे न उघडता सर म्हणाले, "थांब रे, चुकेल."